सहा तोंडांचं माप

मामांविषयी लिहायला मी कोण, हेच मला कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. लिहिण्याचा सराव नाही. चुकेल ते वाचकांनी पोटात घालावं. मागच्या महिन्यात मामा तापानं गेले आणि कर्जतच्या बाजारातलं त्यांचं बंदुका दुरुस्त करण्याचं दुकान बंद झालं.

दोन वर्षांपूर्वी सुटीत मी त्यांच्याकडे होतो. एका सकाळी फौजदारसाहेब घाईनं आले. कडावला कुरणाच्या हद्दीवरून जमाव जमला होता, आणि त्यांच्या रिव्हॉल्वरची गोळी नेम सोडून भलतीकडे जात होती. मामांनी त्यातलं गोळ्यांचं फिरतं चक्र काढलं. चक्रात सहा घरं. प्रत्येक घराचं पुढचं तोंड, जिथून गोळी नळीत शिरते, ते एकाच मापाचं हवं. एरवी मामा दर तोंडाला त्याहून किंचित जाड अशी शिशाची नवी गुल्ली घेत, हलके ठोकून आरपार काढत आणि मग मायक्रोमीटरमध्ये धरून तिची जाडी मोजत. "आवर रे मिस्त्री, लग्नाची हळद दळतोयस का?" साहेब ओरडले. मामांनी एकच गुल्ली सहाही तोंडांतून काढली, शेवटी मोजली आणि म्हणाले, "समदी सारखी हायेत. चक्रात दोष न्हाई."

साहेब रिव्हॉल्वर घेऊन गेले. मामा गुल्लीकडे बघत बसले... "आरं, पयल्याच तोंडानं ही आवळली. मंग बाकीची केवढीबी मोठी आसूंदेत, ही जानारच की रं!"

ते अनवाणीच धावले, मी मागे. नाक्यावर साहेबांचा टांगा गाठला.

"सायेब, माप चुकलं माजं. जमावावर झाडू नका, भलत्यालाच लागंल."

"आता माझा नेमही तूच धरणार? हो बाजूला!"

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. कडावकडून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "बार झाला का?" झाला नव्हता. पण रिव्हॉल्वर परत दुकानात आलं नाही. पुढं कुठं जमाव जमल्याचं कानावर आलं की मामांच्या हातातलं काम थांबायचं. तापातसुद्धा म्हणत होते, "ते चक्र आना रं कुनीतरी..."

परवा एक शिपाई भेटायला आला. त्या दिवशी तो टांग्यात साहेबांबरोबर होता. म्हणाला, "नाका मागं पडला तसं सायबांनी गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. रिकामं रिव्हॉल्वर घेऊन उभे राह्यले जमावापुढं. नवं चक्र येईस्तोवर त्यात गोळी भरली नाय. मी म्हनलं, मिस्त्रीला कळवतो. तर डोळे वटारून म्हनले, खबरदार."