मुकादमाचे दोन शब्द

कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागूनच, अनुवाद विभागाची खोली होती. तीन टेबलं, दोन कपाटं आणि फिरताना कुरकुरणारा एक पंखा. खिडकीकडच्या टेबलामागे गेली बावीस वर्षं बसणाऱ्या बाईंना अख्खं कोर्ट ‘कोशबाई’ म्हणायचं. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

त्या लागल्या होत्या टायपिस्ट म्हणून. एकदा समन्समधलं चुकीचं इंग्रजी त्यांनी कुणाला न विचारता दुरुस्त केलं. विभागाचे साहेब आधी भडकले आणि दोन दिवसांनी त्यांनीच बाईंना अनुवादाच्या टेबलावर आणून बसवलं. तेव्हापासून इंग्रजी कागद आला की तो कोशबाईंकडे जायचा. शंका आली तर त्या शब्दाचं एक कार्ड तयार करायच्या आणि कपाटातल्या खोक्यात लावून ठेवायच्या. घरी नवरा म्हणायचा, “हिला नुसतं ‘वाढ’ म्हटलं तर ही विचारेल, भात वाढू की भांडण?” यावर सगळ्यात आधी त्याच हसायच्या.

त्या एका कागदाचं मात्र कार्ड झालं नाही. तो शुक्रवारी पाचच्या सुमाराला आला, एकच पान, फोटोकॉपी, वर ‘तातडीचे’ असा शिक्का. बाईंनी तो चाळीस मिनिटांत हातावेगळा केला, खाली सही केली आणि बस गाठली.

प्रकरण बंदरातलं होतं. एका परदेशी जहाजात लोखंडी पाइप भरण्याचं काम चालू होतं. विंच, म्हणजे दोरावरून माल उचलायचं यंत्र, चालवणारा खलाशी जहाजावरचा, त्याला इथली भाषा येत नव्हती. त्यामुळे धक्क्यावरचा मुकादम त्याला जहाजी इंग्रजीतून हुकूम देत होता. तीस वर्षं याच कामात गेलेला माणूस, इंग्रजी शिकला तेही खलाशांच्या तोंडून. पाइपांची मोळी हवेत असताना तो काहीतरी ओरडला, मोळी धाडकन सुटली आणि खाली उभा असलेला एक कामगार जागीच गेला. आदल्याच दिवशी त्या कामगाराची आणि मुकादमाची सगळ्यांदेखत जुंपली होती. शर्ट धरण्यापर्यंत मजल गेली होती.

जहाज चार दिवसांनी निघून गेलं, विंचवालाही त्याच्याबरोबर गेला. मागे राहिलं ते जहाजावरच्या अधिकाऱ्याच्या नोंदवहीतलं एक पान. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की मुकादमाने ओरडून ‘स्ट्राइक डाउन’ म्हटलं आणि लगेच भार सुटला. कोशबाईंनी त्याचं केलं होतं, ‘मुकादमाने “मारून पाड” असे ओरडून सांगितले आणि लगेच भार सुटला.’

मुकादम पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, “मी उतरव म्हणालो.” पोलीस त्याच्यापुढे कागद धरायचे. कागदावर सरकारी अनुवादकाची सही होती. तीन महिने तो कोठडीत होता.

हे सगळं बाईंना तेव्हा ठाऊक नव्हतं. पान भाषांतर होऊन खाली गेलं की त्याचं पुढे काय होतं ते वर कुणी येऊन सांगत नाही.

एका बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला त्या बाटली भरायला व्हरांड्यात गेल्या. बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. तिने विचारलं, “इंग्रजीचं काम बघता त्या तुम्हीच ना? शिपाई म्हणाला.”

“हो. का हो?”

“माझ्या घरच्यांची उद्या अकराला तारीख आहे. बंदरात मुकादम आहेत ते. एक विचारू? स्ट्राइक डाउन म्हणजे मारून पाड असं असतं का?”

बाईंनी बाटली नळाखाली धरली होती. “असतं,” त्या म्हणाल्या.

“मग आमच्याकडे कसं काय? वर्षानुवर्षं ऐकतेय मी. हे माळ्यावर चढतात, मी खाली उभी राहते. एकेक डबा हातात देताना म्हणतात, स्ट्राइक डाउन, हळू. मला वाटायचं, जपून खाली सोडण्यालाच तसं म्हणत असतील.”

बाटली भरून पाणी हातावरून वाहायला लागलं तेव्हा बाईंना भान आलं. त्यांनी नळ बंद केला. “बघते मी,” एवढंच कसंबसं म्हणून त्या आत आल्या.

मोठा कोश चार खंडांचा होता. रोजच्या कामाला छोटा पुरायचा, म्हणून मोठ्यावर धूळ बसलेली. ‘स्ट्राइक’ने त्यात अकरा पानं व्यापली होती. बाई उभ्यानेच वाचू लागल्या. शब्दाचं मूळच चमत्कारिक होतं. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ मारणं नव्हताच. अर्थ होता हात फिरवणं, कुरवाळणं, सपाट करणं. मापात धान्य भरून वरचा ढीग पट्टीने सारखा करायचा, त्यालाही हाच शब्द. पुढे हात जोरात फिरू लागला असावा आणि त्याचा तडाखा झाला. मग नाणं पाडणं आलं, काडी ओढणं आलं, घड्याळाचे ठोके आले, यादीतून नाव खोडणं आलं, सौदा ठरवणंसुद्धा आलं. खलाशांच्या तोंडी त्याला आणखी एक अर्थ होता, शीड खाली घेणं. एकदा कधीतरी खलाशांनी शिडं उतरवून जहाजं जागच्या जागी उभी केली आणि तिथून संपाला तो शब्द चिकटला.

सातव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ते सापडलं. स्ट्राइक डाउन, जहाजी वापर, माल दोरावरून जहाजाच्या पोटात उतरवणे.

बाई खुर्चीत बसल्या. 

साहेब निघण्याच्या तयारीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. “बाई, सातव्या पानावर हा अर्थ असेलही. तुमचा अर्थही कोशात आहे ना? मग चूक कसली?”

“माणूस आत आहे, साहेब.”

“त्याला वकील आहे. त्याने हरकत घ्यायला हवी होती. उद्या आरोप निश्चित होतील, मग खटला चालेल, तेव्हा निघेल काय निघायचं ते. तुम्ही आपण होऊन उभ्या राहिलात तर काय होईल कल्पना आहे? बावीस वर्षांतला तुमचा एकेक कागद लोक उकरून काढतील. सुटलेले, अडकलेले, सगळे. मी तुम्हाला वाचवू शकणार नाही.”

ते वाईट नव्हते. बाईंच्या मुलीच्या आजारपणात त्यांनीच दोन महिने बाईंचं काम ओढलं होतं. म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागलं.

घरी बाईंनी नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाला, “तुझ्या शब्दावर तीन महिने गेलेत त्याचे. तू मला विचारतेयस की सांगतेयस?”

“सांगतेय,” त्या म्हणाल्या, आणि तोपर्यंत त्यांनाही ते माहीत नव्हतं.

सकाळी साडेनऊला त्या अभिलेख कक्षाच्या दारात उभ्या होत्या. कोशातला अर्थ एक आणि या कागदातला अर्थ एक, हे त्यांना कळत होतं. सरकारी वकील पहिला प्रश्न तोच विचारणार. ज्याने लिहिलं तो हा शब्द कसा वापरतो, हे त्याच्याच अक्षरात दिसायला हवं होतं. आणि त्यांच्याकडे आलं होतं फक्त शेवटचं पान.

अभिलेखपाल म्हणाला, “वकिलाच्या सहीचा अर्ज असल्याशिवाय फाइल नाही, बाई. तुम्हालाच काय, कुणालाच नाही.”

मुकादमाचा वकील सरकारने नेमून दिलेला होता, हाताखाली ढीगभर प्रकरणं. तो सव्वादहाला धापा टाकत जिना चढला. बाईंनी त्याला मधल्या पायरीवरच गाठलं आणि लिहून आणलेला अर्ज पुढे धरला. अर्ज वाचता वाचता तो थांबला. “म्हणजे स्वतःच्या अनुवादाविरुद्ध तुम्ही स्वतः साक्ष देणार?”

“सही करा आधी.”

फाइल हातात पडली तेव्हा अकराला वीस मिनिटं होती. नोंदवहीची आठ पानं जोडलेली होती. त्यांच्याकडे आलेलं पान एकतिसावं. बाई खिडकीच्या कट्ट्यावर फाइल ठेवून मागे मागे जाऊ लागल्या. तीस, एकोणतीस, काही नाही. अठ्ठावीस, हवामान. सत्ताविसाव्या पानावर त्याच तिरप्या अक्षरात ओळ होती, सकाळी चाळीस खोकी ‘स्ट्राइक डाउन’ केली, एकही फुटलं नाही. पंचविसाव्यावर पुन्हा तेच, या वेळी रंगाचे डबे.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्या बावीस वर्षांत पहिल्यांदाच चढल्या. समोर मुकादम उभा होता, रुंद खांद्यांचा, दाढी वाढलेला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

सरकारी वकील सावकाश उठले. “या शब्दाला अर्थ किती आहेत, बाई?”

“मी मोजलेले सत्तरच्या वर आहेत.”

“आणि त्यात मारून पाडणं हा एक आहे.”

“आहे.”

“तीन महिन्यांपूर्वी तुम्ही सत्तरातून तो उचललात. आज दुसरा उचलताय. मधे काय बदललं? आरोपीच्या बायकोशी तुम्ही काल व्हरांड्यात बोलत होतात, हे खरं?”

कोर्टात कुजबुज झाली.  “खरं आहे,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या बोलण्यामुळे मी मोठा कोश उघडला. तो मी तेव्हाच उघडायला हवा होता. मला एक पान मिळालं होतं आणि मी बाकीची मागितली नाहीत. चूक माझी आहे.”

“म्हणजे तुमच्या शब्दावर विश्वास ठेवू नये.”

“माझ्या नका ठेवू. ज्याने लिहिलं त्याच्यावर ठेवा. सत्ताविसावं पान उघडा. त्याने चाळीस खोकी स्ट्राइक डाउन केली आणि एकही फुटलं नाही. मी आधी केला तो अर्थ तिथे लावून बघा. खोकी कुणी मारून पाडली, आणि तरी ती फुटली कशी नाहीत?”

मागून कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी सत्ताविसावं पान उघडलं, मग पंचविसावं, मग पुन्हा एकतिसावं. तो वेळ बाईंना फार मोठा वाटला. 

आरोप त्या दिवशी निश्चित झाले नाहीत. जहाज असेल त्या बंदरात गाठून विंच तपासायचा हुकूम झाला. तीन आठवड्यांनी अहवाल आला, विंचचा ब्रेक पार झिजलेला होता. एकशे तेराव्या दिवशी मुकादम सुटला.

साहेब म्हणाले होते तेही खरं झालं. बाईंचं काम काढून घेतलं गेलं आणि त्यांना नकलांच्या विभागात बसवलं. त्यांचे दोनशे जुने कागद बाहेरच्या माणसाकडून तपासून घेतले. एका भाडेकरारात एक तारीख चुकली होती, बाकी काही निघालं नाही. तरी परत यायला आठ महिने लागले. परतल्यावर त्यांनी लेखी मागणी केली की कुठलाही अनुवाद दोन सह्यांशिवाय खाली जाऊ नये आणि अपुरा कागद अनुवादाला घेऊ नये. साहेबांनी कुरकुर करत ती पुढे पाठवली, आणि दुसरी सही पहिले कित्येक महिने स्वतःच केली.

मधल्या काळात, त्या नकलांकडे असतानाच, मुकादम एकदा त्यांना शोधत आला होता. बायको बरोबर होती. ती बाईंचे हात धरून रडली. मुकादम बसा म्हटलं तरी उभाच राहिला.

“हिने सांगितलं आभार माना म्हणून,” तो म्हणाला. “तुम्ही उभ्या राहिलात, ते मी बघितलं. पण बाई, माझ्या मनात राग नाही असं खोटं नाही बोलवत. मी रोज एकच शब्द सांगत होतो.”

“राग असणारच,” बाई म्हणाल्या.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, “तो गेला ना, धक्क्यावरचा पोरगा, आमचं भांडण मिटायचं राहिलं होतं. तेवढं मात्र कुठल्या कागदावर नाही.”

बाईंनी शेजारची खुर्ची ओढून दिली. या वेळी तो बसला.