एकमेकांचा कोड पाहण्यास सक्त मनाई

तीन मुलांनी मिळून एक व्हिडिओ गेम बनवायचा होता, आणि मी त्या तिघांना एकमेकांचं काम बघायला बंदी घातली होती. तोंडी नव्हे, लेखी. नोटीस बोर्डावर, सही-शिक्क्यासकट. एक विहीर खणायला तीन माणसं लावावीत आणि कुणी कुणाच्या खड्ड्यात डोकवायचं नाही असं बजावावं, तसला हा प्रकार. तेव्हा मात्र मला तो शिस्तीचा कळस वाटला होता.

मी कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर विभागाची प्रमुख होते. निवृत्ती जवळ आली होती. त्या वयात गुडघे बोलायला लागतात आणि दुसरे काय बोलतात ते ऐकू येईनासं होतं. माझं दोन्ही बाबतींत उत्तम चाललं होतं.

माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. कॉपी पकडणं. प्रोग्राम म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या सूचना, त्यालाच कोड म्हणतात. पोरं दुसऱ्याचा कोड उचलायची, त्यातली नावं बदलायची, ओळी वरखाली करायची आणि माझ्यासमोर निरागस चेहऱ्याने उभी राहायची. मी दोन मिनिटांत ओळखायचे. स्टाफरूममध्ये त्याचे किस्से सांगायचे. लोक हसायचे, आणि मला वाटायचं कौतुकाने हसतायत.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. गट करायचा आणि काहीतरी चालणारं बनवून दाखवायचं. बहुतेक गटांत एक जण राबतो आणि बाकीचे कव्हरवर नाव छापून घेतात. हे वर्षानुवर्षं बघून मी वैतागले होते. म्हणून त्या वर्षी नियम काढला. कामाचे तुकडे पाडायचे. ज्याचा तुकडा त्याच्या पेनड्राइव्हवर. दुसऱ्याचा कोड दिसला तर दोघांनाही शून्य. आणि शेवटी एका दिवशी, माझ्या डोळ्यांसमोर, सगळे तुकडे जोडायचे. आमच्या गावात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात आणि गुमान एक होतात. फायलींनाही तेच जमेल असं मी धरून चालले असणार.

विभागातले शिंदे सर तरुण होते, पुण्याला नोकरी करून आलेले. ते म्हणाले, "मॅडम, टीमला गिट वापरू द्या. सामाईक कपाट असतं. सगळ्यांचा कोड त्यात, कुणी काय बदललं तेही दिसतं."

"म्हणजे कॉपीचं सरकारी गोदाम."

"कंपन्यांत असंच करतात, मॅडम."

"कंपन्यांत परीक्षा नसतात," मी म्हणाले. शिंदे सर चहा प्यायला गेले. ते चहा प्यायला गेले की वाद मी जिंकला असं मी समजत असे.

आता ते तीन विद्यार्थी. ओंकार फलटणकडचा, घरी ऊस. इरफान कराडचाच, वडिलांचं धान्याचं दुकान. आणि मनीषा, माण तालुक्यातली, घरी मेंढरं. गेमची कल्पना तिची. धनगराने आपला कळप माणदेशातून खाली नदीकाठापर्यंत न्यायचा. वाटेत उसाची रानं. मेंढरं उसात शिरली की मालक धावून येतो. मध्ये हायवे. जितकी मेंढरं सुखरूप पोचतील तितके गुण.

"यात बंदूक कुठाय?" मी विचारलं होतं. नातवाच्या गेममध्ये बंदुका असायच्या, तेवढंच माझं ज्ञान.

"मेंढरांस्नी बंदूक कशाला, मॅडम?" मनीषा म्हणाली. "तीच लय वैताग देत्यात."

तिघांत या गेमची खरी गरज तिला होती. कॅम्पसमध्ये नोकरी द्यायला येणाऱ्या कंपन्यांची एक अट असते. उमेदवार आजवर एकदाही नापास झालेला नको. मनीषा दुसऱ्या वर्षी एका प्रॅक्टिकलमध्ये गेली होती. नंतर सुटली, पण डाग राहिला. तिला कुणी मुलाखतीलाही बसवत नव्हतं. पण सांगलीला विश्रामबागमधल्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांच्या गेमची स्पर्धा होती, आणि तिथे पुण्याची एक गेम बनवणारी कंपनी येणार होती. ते गुणपत्रिका मागत नाहीत, गेम खेळून बघतात, असं ऐकून होतो. तिच्यासाठी तेवढंच एक दार उघडं होतं.

काम वाटलं. मेंढरं, धनगर आणि कुत्रा मनीषाकडे. रान, ऊस आणि मालक ओंकारकडे. हायवे, गाड्या आणि गुण इरफानकडे. तिघं तीन कोपऱ्यांत बसली. प्रत्येकाचा तुकडा मी अधूनमधून तपासायचे. मनीषाची मेंढरं झकास चालायची. ओंकारचा मालक झकास ओरडायचा. इरफानचे उसाचे ट्रॅक्टर हलतडुलत जायचे. मी मनातल्या मनात शिंदे सरांना नापास करून टाकलं.

सांगलीच्या आदल्या आठवड्यात जोडणीचा दिवस उजाडला. याला इंटिग्रेशन म्हणतात. पेनड्राइव्ह गोळा केले, तिन्ही तुकडे एका मशीनवर चढवले, आणि मी स्वतः बटण दाबलं. अशा वेळी बटण प्रमुखानेच दाबायचं असतं.

पडद्यावर एक पाय आला. नुसता पाय, लोकरीचा. बाकीचं मेंढरू पडद्याबाहेर होतं. मनीषाने मोजमाप सेंटिमीटरमध्ये धरलं होतं, ओंकारने मीटरमध्ये. तिची मेंढरं त्याच्या रानात उतरली ती साखर कारखान्याएवढी होऊन.

इरफानने आकडे बदलून मेंढरं आटोक्यात आणली. मग गेम सुरू झाला. मनीषाने मेंढरांना सांगून ठेवलं होतं, जवळ जे पुढे चालेल त्याच्या मागे जा. तिच्या कोपऱ्यातल्या जगात पुढे चालणारा एकच, धनगर. आता हायवेवरून ट्रॅक्टर आला. मेंढरांनी एकदा धनगराकडे पाहिलं, एकदा ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि ट्रॅक्टरच्या मागे लागली. अख्खा कळप एका रांगेत, शिस्तीत, उसाबरोबर कारखान्याकडे निघाला. इकडे मनीषाच्या कुत्र्याला शिकवलेलं, कळपाबाहेर जे हलेल त्याला आत आण. त्याला ओंकारचा मालक दिसला. कुत्र्याने मालकाला हाकून मेंढरांत घातलं. मालक ओरडत ओरडत ट्रॅक्टरमागे चालू लागला. धनगर रानात एकटा उभा.

"ही चूक कुणाची?" मी विचारलं.

"माझा मालक बरोबर हाय, मॅडम," ओंकार म्हणाला. "रानात कोण आलं तर त्यो ओरडणारच की."

"ट्रॅक्टर पण बरोबर जातोय," इरफान म्हणाला.

"मग मेंढरं चुकली," मी म्हणाले.

मनीषा शांतपणे म्हणाली, "मॅडम, ह्याचा ट्रॅक्टर मला आजच दिसला. बघायला बंदी होती न्हवं."

"अगं, पण बोलायचं तरी एकमेकांशी. कसली ना कसली बंदी मी दर वर्षी घालते, पाळतं कोण?"

या तिघांनी ती पाळली होती. शिक्षकी पेशात एवढी वर्षं काढली, पण विद्यार्थ्यांनी माझं अक्षरशः ऐकल्याची ती पहिलीच वेळ. आणि त्याचं फळ समोर पडद्यावर कारखान्याच्या दिशेने चाललं होतं.

मी रागावले. माणूस स्वतः चुकला की आवाज चढतो, माझा तर उपजतच चढा. म्हटलं, सांगलीचं नाव काढून टाका, कॉलेजचं हसं नको. दोन्ही मुलं बाहेर गेली. मनीषा उठली नाही.

"मॅडम, सांगली रद्द करू नका. बाकी मला कुठं बसूच देत न्हाईत."

"एक विषय तर गेला होता तुझा. कुणाचं प्रॅक्टिकल होतं?"

"तुमचं."

तिने ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पत्ता विचारल्यावर सांगावा तसं सांगितलं. मग मला आठवलं. दोन मुली, एकसारखा प्रोग्राम, दोघींना शून्य. त्या दिवशीही स्टाफरूममध्ये मी किस्सा सांगितला होता. मुलींची नावं मात्र मी त्याच आठवड्यात विसरले होते.

मी उठले, नोटीस बोर्डाकडे गेले आणि स्वतःचा कागद स्वतः काढला. टाचणी बोटात गेली, तीही योग्यच वेळी. शिंदे सर व्हरांड्यातून येत होते. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"सर, ते तुमचं कपाट या पोरांना द्या," मी म्हणाले.

मग तिघं एका बाकावर बसली आणि पहिल्या दिवशी भांडण्याशिवाय काहीच केलं नाही. "ओंक्या, आरं तुझा बांध किती उंच? माझं मेंढरू हाय, उंट न्हाई." "तुझ्या कुत्र्याला आधी आवर, माझा मालक म्हातारा माणूस हाय." लॅबमध्ये असला गोंगाट मी एरवी खपवून घेतला नसता. पण ऐकत बसल्यावर कळलं, की प्रत्येक भांडणातून एक चूक सुटत होती. तीन महिने ही भांडणं मीच कुलपात ठेवली होती.

मलाही हुरूप आला. म्हटलं, पोचलेली मेंढरं मोजायचं काम मी करते. बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या हाताने कोड लिहिला. इरफानने चालवून बघितला आणि फार अदबीने म्हणाला, "चालतंय मॅडम. फक्त कुत्रा आणि मालक पण मेंढरांत धरलेत."

मी दुरुस्ती केली. आता धनगरही धरला गेला. शेवटी मनीषाने कळप ओळखायला लिहिलेला भाग मी उचलला, त्यातली नावं बदलली, दोन ओळी वरखाली केल्या आणि माझा म्हणून बसवला. झकास चालला. मनीषाने बघितला. ओळखला असणार. ती पुढच्या चुकीकडे वळली.

ट्रॅक्टरची चूक तेवढी राहिली. ती काढायची तर मेंढरांची चालच नव्याने लिहावी लागणार होती, आणि तेवढा वेळ नव्हता. इरफान म्हणाला, "राहू दे की तशीच. लय हसू येतंय." मनीषाने विचार केला आणि म्हणाली, "ठेवू या. ट्रॅक्टर यायच्या आत धनगरानं शीळ घालायची. न्हाई घातली, तर गेली मेंढरं." चूक काढता येईना, म्हणून तिचाच खेळ केला. पुढे मला कळलं, की या धंद्यात हे सर्रास चालतं. फक्त नंतर ते आधीच ठरलं होतं असं सांगतात.

विश्रामबागच्या हॉलमध्ये बाकीच्यांच्या गेममध्ये गाड्या उडत होत्या, इमारती पेटत होत्या. आमच्या टेबलावर मेंढरं बॅ बॅ करत होती. पुण्याच्या कंपनीतून आलेली बाई माझ्या लेकीच्या वयाची. तिने खेळायला घेतलं. पहिल्याच ट्रॅक्टरमागे तिचा सगळा कळप गेला. ती हसली आणि परत खेळली. परत गेला. तिसऱ्या वेळी तिने वेळेवर शीळ घातली आणि खुर्ची पुढे ओढली.

मग तिने तिघांना विचारलं, "टीममध्ये सगळ्यात मोठं भांडण कशावरून झालं?"

आधीच्या टेबलांवर हाच प्रश्न मी ऐकला होता. सगळ्यांनी सांगितलं होतं, आमच्यात भांडण झालंच नाही. आमची पोरं माझ्याकडे बघायला लागली.

मनीषा म्हणाली, "मॅडमवरून."

"मग? मिटलं कसं?"

"मॅडमनी ऐकलं."

बाईने मला नखशिखांत न्याहाळलं. मी पदर सारखा केला. दुसरं काय करणार.

आम्हाला बक्षीस मिळालं नाही. पहिलं बक्षीस पेटत्या इमारतींना गेलं. पण त्या बाईने मनीषाचा फोन नंबर घेतला, आणि परीक्षेच्या निकालानंतर तिला सहा महिन्यांसाठी पुण्याला बोलावलं. सहा महिन्यांची तिथेच नोकरी झाली. ओंकार आणि इरफान कॅम्पसमधून रीतसर लागले. पुढच्या वर्षापासून आमच्या विभागात प्रत्येक गटाला सामाईक कपाट मिळालं. शिंदे सरांचं मत मी माझं म्हणून प्राचार्यांपुढे मांडलं. सवय झाली होती.

यातून मी शिकले ते एवढंच. तुकडे शेवटी जोडायचे नसतात, रोज जोडायचे असतात. कोण किती राबलं ते रोज जोडताना आपोआप दिसतं, त्यासाठी पहारा लागत नाही. हे समजायला मला चाळिशीतच हरकत नव्हती, पण तेव्हा मी कॉप्या पकडण्यात गुंतले होते.

मी निवृत्त झाल्यावर मनीषा एकदा घरी आली. नातू तिला गेमविषयी प्रश्न विचारून भंडावत होता. त्याला आत पिटाळलं आणि मी तिला इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं. दुसऱ्या वर्षाचा तो प्रोग्राम कुणी कुणाचा उतरवला होता?

"कुणीच न्हाई. दोघींनी मिळून केलेला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "सांगितलं होतं, मॅडम. मी पण सांगितलं, तिनं पण सांगितलं. तुमी म्हणालात, दोघींचा खुलासा शब्दाला शब्द सारखा हाय, म्हंजे ही पण कॉपीच."