पेनाला हात न लावणाऱ्या सुलक्षणाबाई

हिर्डोशीच्या सुलक्षणाबाई भोरच्या कॉलेजात पोरांचे निबंध स्वतःच लिहून देतात, अशी आवई आळीभर उठली होती. साफ खोटं! बाई तिथलं, पोरांना लिहायला मदत करणारं लेखन केंद्र चालवतात, पण पेनाला हात लावत नाहीत. पोरालाच मोठ्यानं वाचायला लावतात आणि अडेल तिथं विचारतात, "म्हंजे काय रं?"

प्राध्यापक जगदाळे मात्र रोज दहा पोरं धाडत, सोबत चिठ्ठी: 'दुरुस्त करून द्या.' गुण वाढेनात, म्हणून प्राचार्य केंद्रच बंद करायला निघाले. बाईंना राहवेना. त्या थेट जगदाळ्यांच्या वर्गात शिरल्या.

"इथं काय काम?" सर गुरकावले.

"निबंधात तुम्हाला काय हवंय, ते मला ठाऊक नाही, पोरांना ठाऊक नाही. सर, तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"