नोंद पुसायची कुणी

नेटवर्कचा स्विच म्हणजे कोणतं यंत्र कोणत्या वायरवर आहे हे लक्षात ठेवणारा डबा. एखादं यंत्र पाच मिनिटं गप्प बसलं, की त्याची नोंद पुसायची. ती स्विचमधल्या चिपनं आपणहून पुसायची की आमच्या कंपनीच्या प्रोग्रामनं, एवढ्याशा प्रश्नापायी मी चार वर्षं संभाजीनगरात अडकले.

पुसायचा प्रोग्राम माझा. लिहिताना मी एकाही ओळीचा खुलासा दिला नव्हता. दुसऱ्या कुणी त्यात नाक खुपसू नये म्हणून. भारी मिजास होती. ती मलाच भोवली. नवरा आणि मुलगी पुण्यात, मी पडेगावात भाड्याच्या खोलीत. बदली मागितली की आमचे साहेब म्हणायचे, "मॅडम, तुमी गेल्यावर हे निस्तरायचं कुनी?"

मग नवी चिप आली. ती नोंदी स्वतःच पुसायची. साहेब म्हणाले, "टेस्टमधी पास झाली की तुमचा प्रोग्राम बंद, अन् तुमी मोकळ्या." मी मुलीला फोन करून सांगूनही टाकलं.

ठरलेल्या सगळ्या टेस्ट चिप पास झाली. पण माझे हात कुठले स्वस्थ बसतात! लेबल छापणाऱ्या प्रिंटरची वायर मी स्विचच्या तिसऱ्या पोर्टमधून, म्हणजे खाचेतून, काढून सातव्यात घातली. प्रिंटर आपणहून काही बोलत नाही. चिप त्याला तिसऱ्या पोर्टवरच शोधत राहिली, पूर्ण पाच मिनिटं. माझा प्रोग्राम वायर निघाल्याबरोबर नोंद पुसतो, मग स्विच सगळ्या वायरींवर हाक मारतो आणि प्रिंटर लगेच सापडतो. आमचा स्विच घेणाऱ्या कारखान्यात पाच मिनिटं लेबलं थांबली, तर अख्खी लाइन थांबते.

ही टेस्ट मला कुणी सांगितलेली नव्हती. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, आणि खरं सांगते, मला गप्पच बसायचं होतं. दुपारभर रिपोर्ट तसाच कोरा ठेवला. शेवटी स्वतःवरच चिडत साहेबांकडे गेले.

साहेब खूश. "लई भारी पकडलं! मग दोन्ही ठेवू. चिप बी अन् तुमचा प्रोग्राम बी."

"आणि माझी बदली?"

"तुमच्याबिगर कसं जमंल, मॅडम?"

जागेवर येऊन बसले तोच मुलीचा फोन. "आई, झालं ना तुझं?" मला रडूच फुटलं.

फोन ठेवून मी तो जुना प्रोग्राम उघडला. पहिल्या ओळीशेजारी ती काय करते ते लिहिलं, कुणालाही कळेल असं. मग दुसरीशेजारी. अजून तीन हजार ओळी बाकी होत्या.