पंचनाम्याआधी धुतलेलं घर

विट्याच्या पुढं माळावर एक डांबर प्लांट आहे. तो आज चालू आहे, आणि तो चालू राहण्यात माझा हात आहे. ठेकेदाराचा आहे, तलाठ्याचा आहे, तसा माझाही. बनुबाई पुकळे हे काय माणूस आहे ते सांगायचं तर ही गोष्ट वगळून सांगता येत नाही. वगळून दोन-तीनदा सांगून बघितलं. जमलं नाही.

मी धनाजी, पलूसकडचा. नववी नापास. कायदा शिकलो तो तहसीलच्या व्हरांड्यात, दुसऱ्यांचे अर्ज लिहून देता देता. आज माझा अर्ज टेबलावर पडला की कारकून सरळ होऊन बसतो, आणि ते मला आवडतं. खोटं कशाला बोलू?

बनुमावशीचं घर त्या प्लांटला सगळ्यात जवळ. अंगणातून दगड मारला तर चिमणीला लागेल एवढं. धनगराची बाई. वयाच्या अठ्ठावन्न वर्षांपर्यंत तिला भिंत माहीत नव्हती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, उसवाल्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि पावसाच्या तोंडाला परत फिरायचं. आमच्या पलूसच्या शिवारातही तिचं कापडी पाल पडलेलं.

"तुमच्याकडच्या बाया पानी द्यायच्या," ती एकदा सांगत होती, "पर तांब्या हातात न्हाई द्यायच्या. वरनं धार. म्हनायच्या, तुमच्या अंगाला मेंढराचा वास येतुय."

सांगताना ती हसत होती. मला हसू आलं नाही. माझ्या आईनंही तसंच पाणी घातलं असणार.

मग घरकुल मिळालं. दोन खोल्या, वर पत्रा, भिंतींना निळा रंग. ती भिंत मावशी रोज पुसायची. कुणी हसलं तर म्हणायची, "पालाला पुसाय काय असतंय रं?" आणि चार वर्षांनी शेजारच्या शेतजमिनीवर, दोन वर्षांच्या तात्पुरत्या बिगरशेती परवान्यावर, हा प्लांट येऊन बसला. खडी भाजायची, डांबरात घोळायची, डंपर भरायचे. चिकट काजळी पत्र्यावर, पाण्याच्या पिंपावर, मेंढरांच्या लोकरीवर. कोकरं खोकायला लागली. त्यातली दोन मेली. परवान्याची मुदत संपत आली तेव्हा वस्तीनं मला बोलावलं. मुदतवाढ थांबवायची, एवढंच काम होतं. मी अर्ज ठोकला. प्रांताधिकाऱ्यांनी जागेवर पंचनामा करायचा हुकूम काढला.

तारीख ठेकेदारालाही कळलीच. त्यानं दोन दिवस आधी प्लांट बंद ठेवला. धूर नाही, वास नाही. माझे फोटो सर्कल साहेबांनी, म्हणजे मंडल अधिकाऱ्यांनी, आधीच बाजूला सारलेले: "कुठल्या घराचे, कवाचे, कसं समजायचं?" म्हणजे पुरावा राहिला एकच, मावशीच्या घरावर बसलेली काजळी. हे मला माहीत होतं. तिला माहीत असायचं कारण नव्हतं. मी वस्तीच्या ग्रुपवर एवढंच टाकलं: मंगळवारी दहा वाजता साहेब बनुबाईंच्या घरी येणार. माळावर एक चक्कर मारून समजावून सांगावं, एवढा वेळ मला नव्हता. मोठा झालो होतो ना.

मंगळवारी पोचलो आणि गाडीवरच बसून राहिलो. पत्रा चमकत होता. भिंत धुतलेली, पिंप घासलेलं, अंगण सारवून त्यावर रांगोळी. दारात नवं घोंगडं अंथरलेलं. मेंढरं पार ओढ्याच्या पल्याड नेऊन ठेवलेली, साहेबांना वास येऊ नये म्हणून. मावशी धुवट लुगड्यात, हातात चहाचा ट्रे.

तेवढ्यात सर्कल आणि तलाठी आले. सर्कल पत्र्याकडं बघत म्हणाले, "वा मावशी, घर लय झ्याक ठेवलंय की!" आणि तलाठ्याला, "लिहा. घर व परिसर स्वच्छ."

माझं डोकं सटकलं. "मावशी, हे काय करून ठेवलंस?"

"आवं, सायब पयल्यांदा घरी येनार. तसंच ठिवायचं व्हय? दोन दिस धुतुया."

तेव्हा मी तिला एक वाक्य बोललो. ते इथं लिहीत नाही. त्यात मेंढरं होती, वास होता, आणि तिची जात होती. चौघांत बोललो. तलाठी फिदीफिदी हसला. सर्कलनी मान खाली घातली.

मावशीनं ट्रे घोंगड्यावर ठेवला. हळूच म्हणाली, "दादा, जरा घराच्या मागं तर चला."

मी गेलो नाही. गाडीला किक मारली आणि निघालो. विट्यात येऊन मिसळ खाल्ली. भूकही लागली होती, हेसुद्धा लिहून ठेवतो.

महिन्याभरानं प्रांतांपुढं सुनावणी झाली. पंचनामा वाचला गेला: "काजळी आढळून आली नाही. सदर महिलेची काही तक्रार नाही." खाली मावशीची सही. बचत गटात सही शिकलेली, सावकाश, एकेक अक्षर मोकळं काढलेली.

"आसं मी बोललेच न्हाई!" मावशी उभी राहिली.

ठेकेदाराचा वकील गोड आवाजाचा. "आजी, सही कुणाची?"

"माजीच."

"वाचून दाखवलं नव्हतं का?"

"वाचत हुते कायतरी. माजं ध्यान न्हवतं."

"अहो, साहेब दारात, आणि ध्यान कुठं होतं?"

मावशीनं एक बोट माझ्याकडं केलं असतं तरी पुरलं असतं. नाही केलं.

वकील माझ्याकडं वळला. "अर्जदार पंचनाम्याला हजर होते?"

"होतो."

"शेवटपर्यंत?"

गावोगाव सभा घेऊन मी ओरडत आलोय, वाचल्याशिवाय सही करू नका, आणि आपला माणूस जवळ असल्याशिवाय तर अजिबात नको. तो जवळचा माणूस त्या दिवशी मी होतो.

"फोन आला," मी म्हणालो. "घरी अडचण होती, जावं लागलं."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मग चपलेकडं बघत बसली. एक वर्षाची मुदतवाढ मिळाली.

दुसऱ्या दिवशी माळावर गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते, "मावशी, अपील करू." ती घराच्या मागं चालू लागली. तिथं मोरीच्या पाण्याचा जुना, आता वापरात नसलेला खड्डा होता. दोन दिवस धुतलेलं पाणी तिनं त्यात ओतलेलं. पाणी जिरलं होतं, आणि तळाला काळा थर वाळून बसला होता, बोटभर जाड, तव्यासारखा.

"ह्ये दावाय बोलवत हुते," ती म्हणाली. "सायबाला म्हनलं चला, तर ते म्हनले, अर्जदारच गेला तर आमी कशाला बगायचं?"



घरी जाऊन रात्रभर तळमळलो, आणि पहाटे मला वाटलं, वाट सापडली. पंचनामा रद्द करायचा तर अर्जदार मध्येच का गेला हे खरं सांगायला हवं. प्रतिज्ञापत्र तयार केलं, दोघांचं मिळून. सांगलीला कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडं बसलो आणि सगळं सांगितलं. ते वाक्यसुद्धा, जसंच्या तसं. टायपिस्ट थांबला, मान वर केली, म्हणाला, "हे घालायचंच का?" मी म्हणालो, "घाला. मी माझी चूक लपवणारा माणूस नाही." छाती पुढं होती माझी.

कागद घेऊन मावशीकडं आलो. "आता मी वाचून दाखवतो, मग सही कर." ती उंबऱ्यात बसली. मी अंगणात उभा राहून वाचलं. त्या वाक्याशी आलो, तेही वाचलं.

ती मग म्हणाली, "ते काडा."

"मावशी, खरं आहे ते. माझी अब्रू गेली तर जाऊ दे."

"तुमची कुटं जातीया? लोक म्हनतील, धनाजीदादा लय खरा मानूस, सवताच्या तोंडानं कबूल झाला. आवं, त्या वाक्यात नाव कुनाचं हाय? माजं हाय." तिचा आवाज चढला नव्हता. "तवा चार मानसं हुती. दोन इसरतील, दोन मरतील. सरकारी कागुद मरत न्हाई. परांजल तलाठ्याची परीक्षा देतीया. उद्या त्याच हापिसात बसली आन ह्यो कागुद तिच्या हाताला लागला, तर?"

प्रांजल तिची नात, विट्याला राहून अभ्यास करणारी.

मी पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं. एक रेघ मारून अक्षरं दिसत होती, म्हणून घोटून घोटून काळं केलं. कडेला लिहिलं: मी या बाईंचा विनाकारण अपमान केला, निघून गेलो, आणि सुनावणीत त्याबद्दल खोटं सांगितलं. कायद्याला तेवढंच पुरे होतं. जास्तीचं जे होतं, ते माझ्या हौसेचं होतं.

"आता सही कर, मावशी."

"थांबा. परांजल सांजच्या येस्टीनं येनार हाय. ती वाचंल, मग करते."

मी आत्ताच वाचलं होतं की. पण ते बोलायला माझ्याकडं तोंड नव्हतं. अंगणात दगडावर बसलो, दोन तास. पलीकडं प्लांट घरघरत होता. मावशी आत काम करत होती. आत या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. पाण्याचा तांब्या मात्र आणून हातात दिला.

प्रांजल आली. सॅक न उतरवता उभ्या उभ्याच सगळं वाचलं. मग त्या काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"आजी, हितं काय हुतं? लयच घोटलंय. खोडलेल्या जागी दोघांची सही लागती, माहीत हाय न्हवं? काय खोडलंय ते कळल्याबिगर करू नगं."

पोरगी चांगली तलाठी होणार. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं.

"टायपिंगची चूक हुती," मावशी माझ्या आधी म्हणाली. "दादांनी दुरुस्त केली. आन तो पेन इकडं."

तिनं पहिली सही त्या काळ्या पट्ट्याशेजारी केली, दुसरी खाली. सावकाश, एकेक अक्षर मोकळं. मग कागद माझ्याकडं सरकवला, कारण त्या पट्ट्याशेजारी माझीही सही लागत होती.