मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी

ऐंशीच्या दशकातला श्रावण. गंगापूर धरणातून पाणी सोडणार असं वाचलं आणि गोदावरीचा पूर बघायला पुण्याहून नाशिकला निघालो. उतरायला भांडी बाजारामागे मामाचं घर होतं. जाणाऱ्यांनी सकाळची एसटी धरावी. सिन्नरला चहा होतो आणि जेवायला नाशिक गाठता येतं.

नाशिकात कोरडं ऊन होतं. फेरी फुकट गेली असं वाटलं. रामकुंडाशी आलो तर पायऱ्याच दिसेनात. पाऊस त्र्यंबकच्या डोंगरात झाला होता. फुलवाल्या बायका टोपल्या घेऊन वर सरकत होत्या, गप्पा न थांबवता. हा पूर आहे की नाही, ते मला कळेना.

पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे, पुढे-मागे दोन तोंडांची. पूर तिच्यावरच मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं की दुकानदार माल माळ्यावर टाकतात. कमरेला लागलं की तळमजले रिकामे होतात.

मामाला अर्धांगवायू झालेला. त्याची खाट तळमजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीशी. येणारा-जाणारा थांबून बोले. मामीला त्याला वर हलवायचं होतं. कमरेला लागल्याशिवाय हलणार नाही, असं त्याचं म्हणणं. मला बघायला पाठवलं.

वरच्या अंगाला पाणी मूर्तीवर आदळून कमरेपर्यंत चढत होतं. खालच्या अंगाने पाहिलं तर मांड्या कोरड्या. यातलं कुठलं धरायचं, असं घाटावरच्या पोलिसाला विचारलं.

"लय विचार करू नका साहेब. मागं व्हा."

घरी येऊन दोन्ही सांगितलं.

"मारुतीला बघून आला," मामा म्हणाला, "आता हाही दोन तोंडांनी बोलतोय."

मामी हसली नाही. पाणी आत शिरल्यावर तुम्हाला मी एकटी कशी उचलू, असं तिने विचारलं.

मामा खिडकीबाहेर बघत राहिला. "वर न्याल. खाली कोण आणणार?"

"ओसरलं की आणू," मी म्हटलं.

शेजारच्या शिंप्याने आणि मी त्याला खुर्चीत बसवून अरुंद जिन्याने वर नेलं. वळणावर त्याने डोळे मिटून घेतले. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं आणि संध्याकाळी परत फिरलं. उंबरा कोरडाच राहिला.

सकाळी मिसळ खाऊन घाटावर गेलो. लोक गाळ उपसत होते. मामाला खाली आणू म्हटलं, तर मामी म्हणाली, धरण भरलेलंच आहे, पुन्हा सोडतील. शिंपी म्हणाला, पावसाळा उलटू द्या. दोघांचंही बरोबर होतं. मी दुपारची एसटी पकडली.

दिवाळीनंतर मामी पुण्याला आली. मामा अजून वरच होता. शिंप्याची कंबर धरली होती, दुसरं कोणी मिळालं नव्हतं. "आता ते विचारतही नाहीत," ती म्हणाली.

त्या दिवशी आम्ही शहाणपणाने वागलो की नाही, मला अजून ठरवता येत नाही. वरच्या खोलीलाही खिडकी आहे. ती मागच्या घराच्या भिंतीकडे उघडते.