जगाचा चोरखिसा

लाँड्रीत कपडे टाकणाऱ्याला वाटतं, आपण नुसता मळ देऊन आलो. तसं नसतं. कपड्याबरोबर माणूस खिसेही देऊन जातो, आणि खिशाइतकं चहाडखोर जगात दुसरं काही नाही. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत हे खिसे ज्या बाईंच्या हाताखालून जात, त्यांना सगळे खिसेबाईच म्हणत. कपडा पाण्यात जाण्याआधी चाचपायचा आणि निघेल ते कागदाच्या पुडीत घालून त्याच कपड्याला टाचायचं, हे त्यांचं काम. गोड खाऊ नका म्हणून अख्ख्या गल्लीला दम देणाऱ्या डॉक्टरांच्या कोटातून चॉकलेटचे चुरगळलेले कागद निघत. सिगारेट सोडलेल्या मुख्याध्यापकांच्या जाकिटातून तंबाखूचा भुगा निघे, तोही साध्या खिशातून नाही, आत अस्तराला शिवलेल्या चोरखिशातून. बाई यातलं कुणाला काही सांगत नसत. म्हणजे इस्त्रीवाल्याला सोडून. इस्त्रीवालाही बायकोला सोडून कुणाकडे बोलत नसे. म्हणून तर हे सगळं गल्लीभर झालेलं.

बाईंचं वय विचारू नका. त्या सांगतील ते खोटं आणि इस्त्रीवाला सांगेल ते त्याहून खोटं. एवढं सांगता येईल की सुनेच्या माहेरच्यांवर टीका करायच्या वयात या बाई सुट्टीच्या दुपारी पडदे ओढून, मांडीवर उशी आणि उशीवर व्हिडिओ गेमचा बटणांचा दांडा घेऊन टीव्हीसमोर बसत आणि काचेच्या चिमण्या शोधत.

हे कळल्यावर इस्त्रीवाल्यानं काय करावं? भल्या मनानं माळ्यावर चढून, जुन्या कंदिलाची काच पुसूनबिसून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिली. म्हणाला, चिमणीच हवी होती तर आधी बोलायचंत, एवढं शोधायचं काय त्यात. बाईंनी ती घेतली, आणि खरी चिमणी कुठली हे समजावण्यात त्या दिवशी शर्टांचा एक गठ्ठा तसाच राहिला.

तर तो खेळ. खेळ कसला, एक अख्खं जगच होतं. डोंगर, डोंगरांमधून वाऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची संथ फिरणारी पाती, पिवळं गवत, गवताच्या शेवटी समुद्र आणि समुद्रावर धुकं. तिथं कुणी घाई करत नाही. चालावं, थांबावं, ढगाची सावली टेकडीवरून उतरताना बघावी. आणि या जगात ठिकठिकाणी काचेच्या चिमण्या लपवलेल्या. धबधब्याच्या मागे, ओसाड मनोऱ्याच्या घंटेत, झोपलेल्या मेंढीच्या पोटाखाली. बोट लावलं की चिमणी टिणकन वाजते आणि विरघळून खेळातल्या आपल्या माणसाच्या झग्यात येते. थोड्या जमल्या की गिरणीतली म्हातारी बक्षीस देते. पहिल्यांदा तिनं पाण्यावर चालायचे बूट दिले. मग वाऱ्यावर तरंगणारी छत्री. मग मनगटाला बांधायची घंटी, जी चिमणी जवळ असली की आपोआप किणकिणते. बाईंचे पाय दिवसभर उभं राहून सुजत. पण त्या बुटांनी तळ्यावरून चालताना त्यांना गार पाणी खरंच तळव्याला लागायचं. निदान त्या तसं सांगत.

खेळाचं यंत्र पाठवलं होतं धाकट्या भावानं. हा भाऊ दूर एका बंदरात क्रेन चालवी, उंच काचेच्या खोलीत बसून जहाजांवरचे लोखंडी डबे उचले. आईवडील गेल्यावर दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं, आणि फोनवर तरी किती वेळ जेवलास का, जेवलीस का करणार? म्हणून त्यानं ही शक्कल काढली: जग एक, फिरणारी दोन. ताईचा तांबडा झगा, त्याची पिवळी टोपी. तो तिकडून यायचा, त्या इकडून जायच्या, आणि दोघं गवतातून बडबडत हिंडायची. खेळ बंद केला की ज्याचं त्याचं माणूस जिथं असेल तिथंच आडवं होऊन झोपी जाई. दुसऱ्या दिवशी उठवायचं आणि पुढं.

भावाचं नाव घरात लिंब्या. लहानपणी लपाछपीत तो कच्चं लिंबू असायचा, म्हणजे खेळायला सगळ्यांबरोबर, पण आउट झाला तरी मोजायचं नाही, राज्य कधी द्यायचं नाही. एकदा तो कपड्यांच्या ढिगाखाली इतका बेमालूम लपला की तिथंच झोपून गेला. बाकीची पोरं खेळ संपवून जेवायला निघून गेली. कच्च्या लिंबाला शोधून करायचंय काय? अंधार पडल्यावर तो स्वतःच डोळे चोळत घरी आला.

हा किस्सा बाई फार रंगवून सांगत. भावाला बढती मिळाली, तो बंदरातल्या सगळ्या क्रेनवाल्यांचा मुख्य झाला, तेव्हा त्याच्या लोकांनी चहा ठेवला आणि ताईला बोलावलं. तिथंही त्यांनी तो सांगितला, नकलेसकट. याला साहेब म्हणू नका रे, हा आमचा लिंब्या. लोक पोट धरून हसले. भाऊही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः क्रेनवर बसला की वायरलेसवर खालून आवाज येऊ लागले, लिंब्या, तो निळा डबा घे. लिंब्या, जरा डावीकडे.

नंतर ताईचा फोन गेला की तो कामात असे. पुढं पुढं तर फोन उचललाच जाईना. बाई आधी रागावल्या, थट्टाच तर केली होती, एवढं काय लागायचं. मग त्यांनीही फोन करणं सोडलं.

खेळात आता त्या एकट्याच हिंडत. चिमण्या सगळ्या झाल्या होत्या, एक सोडून. पडद्याच्या कोपऱ्यात 'एक बाकी' असं बारीक अक्षरात लुकलुकत असे. शेवटची चिमणी मिळाली की समुद्रावरचं धुकं उठणार आणि किनाऱ्याला होडी लागणार, दोघांसाठी. बाईंनी मनाशी धरलं होतं की होडी आली म्हणजे लिंब्या येईल. बंदराचा माणूस, होडी सोडणार नाही. एरवी त्याला परत कसं आणावं हे त्यांना सुचतच नव्हतं. म्हणून त्या डोंगराचे खिसे उलटे करत होत्या. गुहा, विहिरी, पुलांच्या कमानी. घंटी काही वाजत नव्हती.

"सापडली का हो तुमची चिमणी?" एक दिवस इस्त्रीवाल्यानं कॉलरवर पाणी शिंपडत विचारलं.

"कुठली सापडते! अख्खं जग पालथं घातलं."

"अस्तराच्या आत बघितलंत?"

मशीनमध्ये काही खुळखुळू लागलं की लाँड्रीत हाच प्रश्न विचारायची पद्धत होती. इस्त्रीवाल्यानं तो सवयीनं विचारला आणि दुसरी कॉलर घेतली. बाईंच्या हातातली पँट मात्र हातातच राहिली. कारण जग पालथं घातलं हे खोटं होतं. एक माळ त्या वाट वाकडी करून टाळत होत्या. तिथं झाडाखाली पिवळी टोपी झोपलेली होती.

सुट्टीच्या दुपारी त्यांनी पडदे ओढले. बाहेर कुणाचा तरी रेडिओ लांबून ऐकू येत होता. तांबडा झगा टेकडी उतरून माळावर आला. गवत एका बाजूला झुकत होतं, पुन्हा उभं राहत होतं. झाडाखाली तो होता तसाच होता, कुशीवर, गुडघे पोटाशी. टोपीवर पानं पडली होती. खेळातलीच पानं, पण बाईंनी बटण दाबून ती झटकायचा प्रयत्न केला. दोन पावलं पुढं गेल्या आणि घंटी किणकिणली. आणखी जवळ गेल्या तर ती इतकी वाजू लागली की त्यांना वाटलं शेजारी ऐकू जाईल. त्याच्या बरगडीखालून गवतात एक निळसर उजेड पाझरत होता.

चिमणी त्याच्या अंगाखाली होती. तो उठल्याशिवाय ती मिळायची नव्हती.

बाई बघत राहिल्या. ते पोटाशी घेतलेले गुडघे त्यांनी आधी कुठं पाहिले होते, ते हळूहळू वर आलं. कपड्यांचा ढीग. अंधार पडल्यावर दारात उभं राहिलेलं पोर. त्या दिवशी जेवताना याच हसल्या होत्या सगळ्यांत आधी.

झोपलेल्याला हाक मारायची एक सोय खेळात होती. बटण दाबून बोलायचं की तिकडं त्याच्या फोनवर आवाज जातो. बाईंनी आजवर ते बटण दाबलं नव्हतं. दाबलं, आणि "काय रे, फुगलायस का अजून?" असं तोंडात आलेलं गिळून बटण सोडून दिलं. पुन्हा दाबलं. या वेळी त्यांनी त्याचं नाव घेतलं. घरातलं नाही, शाळेच्या हजेरीतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

"इस्टॉप," त्या म्हणाल्या. "दिसलास. आउट आहेस तू. राज्य तुझ्यावर."

ढगाची सावली आली, त्या दोघांवरून गेली. गिरणीची पाती फिरत होती. बाईंचा चहा निवला. रेडिओवालाही झोपला असावा. त्यांना वाटलं, संपलं, यानं ते यंत्र केव्हाच विकून टाकलं असणार.

पिवळी टोपी हलली. तो उठून बसला, चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि बाईंच्या कानावरच्या हेडफोनच्या वाटीतून खरखरत आवाज आला.

"कितीपर्यंत मोजू, ताई?"

"शंभर," बाई म्हणाल्या. हुकूम चालवायची सवय जाते कुठं? "आणि डोळे घट्ट मीट. फसवायचं नाही."

"मी कधी फसवलं? माझ्यावर राज्य आलं होतं का कधी?"

मग त्यांनी विचारलं, कशावर झोपला होतास ते माहीत होतं का.

"नाही," तो म्हणाला. "टोचत होतं खरं."

त्यानं झाडाकडं तोंड केलं. दहा, वीस, तीस. चिमणी तिथंच गवतात होती, हात लावायचा अवकाश. होडी, समुद्र, धुक्यापलीकडचं जे काही असेल ते. बाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि धूम ठोकली. पण चिमणी अजून जवळच, म्हणून मनगटावरची घंटी किणकिणायची थांबेना. लपणाऱ्यानं घंटी बांधून पळावं तशी गत. शेवटी ती काढून त्यांनी वाटेत टाकून दिली. ऐंशीपर्यंत त्या गवताच्या सर्वांत दाट भागात पोचल्या, खाली बसल्या, तांबडा झगा आवरून घेतला. इकडं खोलीतही त्यांनी पाय वर घेऊन उशी पोटाशी घट्ट धरली होती.

"शंभर," तो म्हणाला. "आलो हं."

वारा आला आणि गवत झुकलं. बाईंनी तोंडावर पदर दाबून हसू आवरलं, आणि शोध म्हणावं आता, म्हणून अंग आणखी चोरून बसल्या.